आवडीला परीक्षक कशाला?

दिवाळी अंकात भांडण मांडू नये, असा संकेत आहे. करंजीचा तुकडा तोंडात टाकून, घरातल्या चार माणसांत बसून जो अंक वाचायचा, त्यात कुणी तावातावाने बोलू लागले तर वाचकाचा विरस होतो, हे मला कळते. तरीही हे भांडण मी दिवाळी अंकातच मांडणार आहे. कारण ते सुरू झाले गेल्या दिवाळीत, आणि तेही फराळाच्या ताटापाशीच. शिवाय माझी अशी खात्री आहे की, या दिवाळीतही ते घरोघर होणार आहे. फक्त आपल्यापैकी बरेचजण ते मनातल्या मनात करतात, आणि वरवर हसून वेळ मारून नेतात.

मी चिखलदऱ्याला राहतो. शाळेत मास्तरकी करतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पुढचे जे काही आहे ते वाचून आणि माणसांत बसून मिळालेले. गाव गाविलगडाच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत लोटून दिले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा पुढे चिखलदरा झाला, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. १८२३ साली रॉबिन्सन नावाच्या एका इंग्रज कप्तानाने हे ठिकाण शोधून काढले, असेही सांगण्याची पद्धत आहे. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या कोरकू आणि गवळी मंडळींना आपण हरवलो आहोत, हे बहुधा ठाऊक नसावे! पुढे इंग्रजी अमदानीत या थंड हवेत कॉफीची झाडे लावली गेली. महाराष्ट्रात कॉफी पिकते ते ठिकाण म्हणून आजही चिखलदऱ्याचेच नाव घेतात. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी ही झुडुपे. पहिल्या सरी पडून गेल्या की पांढऱ्या फुलांनी अशी लहडतात, की मोगऱ्याच्या बागेत आलो असे वाटावे.

तर गेल्या दिवाळीत आमचे साडू मुंबईहून सहकुटुंब आले. मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ, मनाने उमदे, मुलांना फटाक्यांऐवजी पुस्तके आणणारे. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही, हे आधीच सांगून टाकतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी ते ओसरीत बसले, एक लाकडी पेटी उघडली आणि तीतून एक लठ्ठ चिरूट काढला. मी ओढीत नाही. पण मला त्यातले काही कळत नाही म्हटल्यावर त्यांच्यातला मास्तर जागा झाला. चिरुटाचे टोक कसे कापायचे, आगकाडीचा गंधकाचा वास उडून जाईपर्यंत कसे थांबायचे, राख झटकायची नाही, तिची तिला पडू द्यायची, धूर छातीत घ्यायचा नाही, आणि एकदा विझला की तो शिळा झाला, पुन्हा पेटवायचा नाही. मी मुकाट्याने ऐकत होतो. आमच्या वर्गात सहावा तास चालू असताना मुले जशी ऐकतात, तसा.

इतक्यात आमचे दूध घालणारे म्हातारे गवळीबाबा आले. सणाचा दिवस म्हणून साडूंनी मोठ्या मनाने त्यांना एक चिरूट दिला. बाबांनी तो हुंगला, टोक दातांनी तोडून थुंकले, पेटवला, चार झुरके मारले, आणि पायरीच्या दगडावर विझवून कानामागे खोचून ठेवला.

साडू खुर्चीतून अर्धे उठले. "अहो बाबा, हे काय करता? हा असा विझवून ठेवायचा नसतो! सगळी चव जाते."

"मंग कसा ओढाचा?"

"एका बैठकीत. तासभर निवांत बसून."

"तासभर बसलो तं म्हशीइकडं कोन पाह्यते साहेब? आज चार झुरके, उद्या चार. मले असाच गोड लागते."

आणि बाबा चरवी उचलून चालू लागले. साडूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. हिऱ्याची पारख गाराला नाही, अशा अर्थाची ती मान होती. मला त्या क्षणी हसू आले होते, हे कबूल करतो. पण ते हसू पुढच्या अर्ध्या घटकेत विरले. कारण आईने कॉफी आणली.

आमच्या आईची कॉफी म्हणजे काय, हे बहुतेक मराठी वाचकांना सांगायला नको. म्हशीचे दूध मंद आचेवर जरा आटू द्यायचे, साखर त्यातच, कॉफीची पूड बेताची, आणि उतरवायच्या आधी किसणीवर जायफळ दोनदा फिरवायचे. ही कॉफी आमच्याकडे रोजची नव्हेच. रोजचा तो चहा. कॉफी व्हायची ती जागरणाला. कोजागरीला, कुणी आजारी असले की त्याच्या उशाशी बसणाऱ्याला, आणि मी मॅट्रिकला बसलो होतो तेव्हा रात्री अकराच्या सुमाराला. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात आईने अशी कितीतरी रात्री कॉफी केली. जायफळ किसल्याचा तो खरखर आवाज ऐकला की, घरात कुणीतरी आपल्यासाठी जागे आहे, असे मला आजही वाटते.

साडूंनी एक घोट घेतला आणि खो खो हसले. "मावशी, ही कॉफी नव्हे, ही खीर आहे!" सगळे हसले. आईही हसली. मग व्याख्यान सुरू झाले. कॉफीत दूध घालणे म्हणजे कॉफीचा खून, आणि साखर घालणे म्हणजे खुनाचा पुरावा नष्ट करणे. "आणि जायफळ?" आमच्या मुलीने विचारले. "जायफळाला तर कलमच नाही बेटा," ते म्हणाले. पुन्हा हशा झाला. आई बशीत ओतून पीत होती. तिने ती बशी हळूच खाली ठेवली आणि कपाने पिऊ लागली. हे फक्त मी पाहिले.

त्या दिवसानंतर आईने पाहुण्यांसाठी कॉफी केलेली नाही. कुणी आले की, "चहाच मांडू ना?" असे विचारते. आणि यंदाच्या कोजागरीला, जिने पन्नास वर्षे ते स्वयंपाकघर चालवले त्या माझ्या आईने आपल्या नातीला विचारले, "जायफळ टाकू का गं, का नको?" तिच्या स्वतःच्या चुलीपुढे उभी राहून परवानगी मागताना मी तिला प्रथमच पाहिले.

माझे भांडण ते हे. साडूंशी नव्हे, आनंदाच्या दारात गुणपत्रिका घेऊन बसण्याच्या नव्या खोडीशी. मी स्वतः परीक्षक आहे, म्हणून मला बोलण्याचा अधिकार आहे. गेली कित्येक वर्षे मी लाल शाईने बरोबर आणि चूक अशा खुणा करीत आलो आहे. सात आठे छप्पन्न. पंचावन्न म्हणाल तर चूक. गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला; १९०३ म्हणाल तर चूक. पण गोड काय लागते, या प्रश्नाची उत्तरपत्रिका तपासायला मी कुठून शाई आणू?

'खरी' कॉफी, 'खरा' चिरूट, असे म्हणणारांना मी एवढेच विचारतो की, ती खरी कोणाची? कॉफी मूळची इथिओपियाच्या डोंगरांतली. तिथे काही भागांत ती मीठ घालून, तर काही ठिकाणी लोणी घालून पितात. येमेनमधले सूफी रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून ती पीत. म्हणजे आमच्या आईप्रमाणेच, जागरणाला! त्याच येमेनात फळाच्या टरफलांचा, आले घालून केलेला काढाही चवीने पितात. अरबांच्या कॉफीत वेलदोडा असतो. तुर्क साखर भांड्यातच घालून उकळतात. व्हिएन्नाने तीत दूध आणि साय घातली. नेपोलियनच्या काळात नाकेबंदीमुळे फ्रान्सात कॉफी मिळेना, तेव्हा लोकांनी चिकोरी मिसळली. आपल्या दक्षिणेत आज त्याच चिकोरीवाचून कित्येकांना गाळणीची कॉफी अळणी वाटते. बाबा बुदन यांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकातल्या डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. बियांबरोबर त्यांनी नियमांचे पुस्तकही आणले, असे त्या कथेत कुठेही नाही.

नियम करणारे मात्र सदैव होते. १५११ साली मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने कॉफीच बंद करून टाकली. १६७५ च्या अखेरीस इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीची दुकाने बंद करण्याचा हुकूम काढला, आणि थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. त्या बंदीवाल्यांचे काय झाले ते आपण सकाळ-संध्याकाळ कपात पाहतोच.

चिरुटाचीही तीच गोष्ट. १४९२ साली कोलंबसाच्या माणसांनी क्यूबात जे लोक पाहिले, ते वाळलेला पाला दुसऱ्या वाळलेल्या पानात गुंडाळून ओढीत होते. हे वर्णन आज कशाशी जुळते? साडूंच्या पेटीतल्या चिरुटाशी, की आमच्या मेळघाटच्या रानातल्या तेंदूच्या पानात वळलेल्या विडीशी? 'चिरूट' हा शब्द तरी कुठला? तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून आलेला, अर्थ, गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्लंडात इतके माहीत होते की, १८८७ साली आलेल्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत तो नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. राखेवरून माणूस ओळखणे हे गुप्तहेराचे काम आहे. दिवाळीला आलेल्या पाहुण्याने ते करू नये.

आणि चहाचे पाहा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चहाच्या व्यापाऱ्यांचे प्रचारक आपल्या देशात फिरून चहा कसा करावा, याचे धडे देत. आपल्या लोकांनी चहा घेतला आणि धडे परत केले. भरपूर दूध, भरपूर साखर, आले, वेलदोडा, आणि खळाखळा उकळी. पत्ती कमी पडते म्हणून प्रचारकांचा जीव खालीवर होत असे. आज तोच मसाल्याचा चहा लंडन-न्यूयॉर्कमध्ये मोठ्या किमतीला विकला जातो. याहून मोठी गंमत पुढेच आहे. अमेरिकेतल्या एका बलाढ्य कॉफी-कंपनीने २००३ साली भोपळ्याच्या नावाने एक कॉफी काढली. तिच्यातला मसाला म्हणजे दालचिनी, सुंठ, लवंग आणि होय, जायफळ! दूध आणि साखर तर आहेच. दर शरद ऋतूत लोक तिची वाट पाहतात. साडूंच्या मुलीने ती परदेशात पिऊन तिचे छायाचित्रही पाठवले होते, आणि साडूंनी ते आम्हांला कौतुकाने दाखवले होते. ती कॉफी, आणि आमच्या आईची ती खीर!

तेव्हा ज्याला चवीची पारख म्हणतात, ती पुष्कळदा चवीची नसतेच. ती कपाच्या किमतीची आणि पिणाऱ्याच्या पायरीची असते. साडूंनी स्वतःची कॉफी बरोबर आणली होती. त्या पाकिटावर कुठल्याशा दूरच्या देशातल्या डोंगराचे नाव आणि उंची छापली होती. पण ज्या डोंगरावर बसून ते बोलत होते, त्याच्याच उतारावरच्या बिया आईने लोखंडी कढईत भाजल्या होत्या, हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण, "दाणे कुठले?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. जाणत्या माणसाचा पहिला प्रश्न तो असायला हवा होता. दोष एकट्या त्यांचा नाही. याच गावात एका उपाहारगृहात मी चिखलदऱ्याची कॉफी मागितली, तेव्हा माझ्यापुढे कारखान्यातली डब्यातली पूड आली. आणि "पाहुण्यांना हीच लागते," असे वर ऐकवण्यात आले. आपल्या चवीची लाज वाटू लागली की, आपल्या मातीत पिकलेल्याचीही वाटू लागते. एकीमागून दुसरी येतेच.

यावर कुणी म्हणेल, "मास्तर, मग चांगले-वाईट असे काही नाहीच का?" आहे. कॉफीत चिंचोक्याची पूड मिसळली तर ती लबाडी. तिला आवड म्हणता येणार नाही. दाणे करपवले तर तो निष्काळजीपणा. तंबाखूविषयी तर माझ्या मनात संदेह नाही: विडी असो की किमती चिरूट, दोन्ही जिवावर उठतात. धूर छातीत घेतला नाही म्हणून तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या नाकात गेला की तिथे आवडीचा हक्क संपतो. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद केली, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपान बंदीचे नियम कडक झाले, हे योग्यच झाले. मीही गवळीबाबांना "सोडा आता" असे दर आठवड्याला सांगतो. ते ऐकत नाहीत. पण "ओढू नका" म्हणताना मी त्यांच्या जिवाची काळजी करतो. "चुकीचे ओढता" म्हणणाऱ्याला त्यांच्या जिवाची काळजी नसते. त्याला स्वतःच्या शहाणपणाची असते.

आणि ज्ञानाशीही माझे वैर नाही. पाहुणे गेल्यावर एका सकाळी मी एकट्याने आमच्याच दाण्यांची काळी कॉफी करून पाहिली. खोटे कशाला बोलू? दुधात बुजून जाणारा एक रानवट, फळासारखा वास मला प्रथमच कळला, आणि तो मला आवडला. साडूंनी, "मावशी, एकदा नुसती पिऊन पाहा, तुमच्या डोंगराचा वास येईल," असे म्हटले असते, तर आईनेही एक घोट घेतला असता. कदाचित तोंड वाकडे केले असते, कदाचित दुसरा मागितला असता. त्यांना ठाऊक असलेली एक चांगली गोष्ट त्यांनी हशापायी वाया घालवली. माझ्या कादंबऱ्या ज्यांना आवडत नाहीत त्यांनी तसे खुशाल म्हणावे. माझ्या पोटात दुखते, पण ते माझे मी पाहीन. मात्र माझी एखादी कादंबरी दुपारच्या फावल्या वेळात वाचून जिला रडू आले, त्या बाईला अडाणी ठरवू नये.

हे सगळे मी एका बशीसाठी लिहितो आहे, असे वाटेल. तसे नाही. गेल्या सहामाहीत मी सहावीच्या मुलांना 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध घातला होता. एका मुलीच्या वहीत पहिल्या ओळीत 'नूडल्स' असे लिहिले होते. त्याआधीचा शब्द खोडला होता. पण इतक्या घाईने की, उजेडात धरल्यावर वाचता आला. शब्द होता 'कण्या'. ज्वारीच्या कण्या आणि ताक. पुढचा सारा निबंध नूडल्सवर होता आणि तो मेलेला होता: "नूडल्स स्वादिष्ट असतात. नूडल्स सर्वांना आवडतात." मी तिला बोलावून विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, कण्या लिवल्या तं पोरी हासतात." मी म्हटले, "मी नाही हासत. तू लिव." मग तिने जे लिहून आणले, त्यात चूल होती, पाऊस होता, तिच्या आजीचे हात होते, आणि कण्या शिजताना येणारा बुडबुड्यांचा आवाज होता. अकरा वर्षांच्या पोरीला आपली आवड खोडायला कुणी शिकवले? तिच्या वर्गात आमचे साडू आले नव्हते. पण त्यांची ती मान हलवण्याची तऱ्हा तिथवर पोचली आहे. आणि माझ्या ओसरीत गवळीबाबांवर हसलो तो मीही तीच तऱ्हा शिकवीत होतो.

आता करायचे काय? मी ठरवले ते सांगतो. यंदाही साडूंना दिवाळीचे बोलावणे धाडले आहे. पत्रात लिहिले आहे: "अवश्य यावे. चिरूट आणलात तर अंगणापलीकडच्या आंब्याखाली, मुलांपासून दूर ओढावा. कसा ओढायचा ते तुमचे तुम्ही पाहा. तुमच्यासाठी आमच्या डोंगराची काळी कॉफी, बिनसाखरेची, मी स्वतः करीन. ती मला जमू लागली आहे. आई मात्र तिची कॉफी करील. ती तुम्हांला चालत नसेल तर घेऊ नका. पण तीविषयी बोलायचे झाल्यास आधी दाणे कुठले ते विचारा."

पत्र टाकण्यापूर्वी मी ते घरात वाचून दाखवले. आई काही बोलली नाही. जरा वेळाने उठली, फळीवरचा डबा काढला, आणि त्यात जायफळे किती उरली आहेत ते मोजू लागली. दोनच होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "परतवाड्याले जाशीन तं चार घेऊन ये."